यूव्ही पुस्तक-पेटी: सार्वजनिक ग्रंथालयानं घ्यावी की नाही?

करोनाच्या पहिल्या वर्षात बाजारात आलेल्या वस्तूंपैकी ग्रंथालयांना सगळ्यात जास्त मोह पाडला तो पुस्तकं निर्जंतुक करणाऱ्या यूव्ही (अतिनील किरणांच्या) पेटीनं. जपान, दक्षिण कोरिया, तैवान इथल्या अनेक ग्रंथालयांत अशी कपाटं दर्शनी भागात असतात आणि घरी नेण्याआधी वाचक स्वतःच पुस्तक त्यात ठेवतात. आपल्याकडे मे २०२० मध्ये डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेनं मोबाइल, पासबुक, कागद यांच्यासाठी अतिनील किरणांची पेटी तयार केली. त्याच सुमारास लहानमोठ्या उत्पादकांच्या पेट्याही विकायला आल्या. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या पेटीचं नाही, या जातीच्या यंत्राचं आहे. आणि ते तालुक्याच्या किंवा मध्यम शहरातल्या शासनमान्य ग्रंथालयाला समोर ठेवून केलेलं आहे. निकाल आधीच सांगतो: घेऊ नका. त्या पैशात साथीची जी तयारी होते ती कितीतरी जास्त कामाची आहे. तीही पुढे दिली आहे.

पेटी दोन प्रकारची मिळते. पहिली म्हणजे मायक्रोवेव्हसारखी दिसणारी बंद पेटी. आत वर-खाली दोन-चार नळ्या आणि मध्ये जाळी. जाळीवर पुस्तक आडवं ठेवायचं. दुसरी म्हणजे उभं कपाट. त्यात तीन ते सहा पुस्तकं पानं उघडी करून खुंटीवर उभी करतात, खालून पंखा पानं फडफडवतो आणि तेवढ्यात किरण पडतात. साधारण अर्धा ते एक मिनिट. या दुसऱ्या प्रकाराची किंमत पहिल्याच्या कितीतरी पट असते.

दोन्हींत काम करतात ते २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्ही-सी, म्हणजे जंतू मारणारे अतिनील किरण. विषाणू मारण्याची त्यांची ताकद खरी आहे, त्याबद्दल शंका नाही. प्रश्न आहे तो किरण पोचतात कुठे याचा. ते सरळ रेषेत जातात आणि साध्या कागदाचं एक पानसुद्धा त्यांना अडवायला पुरतं. बंद पेटीत मिटलेलं पुस्तक ठेवलं की मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि कडा एवढंच धुऊन निघतं. ज्या पानांवर वाचकानं बोट ओलं करून पान उलटलं, ज्या पानावर तो शिंकला, ती आत अंधारातच राहतात. उभ्या कपाटात पानं हलतात हे खरं, पण मराठी ग्रंथालयातलं पुस्तक तिथे कसं वागतं ते पाहा. जुन्या कादंबऱ्यांना ग्रंथालयानं पुन्हा करून घेतलेली कापडी पुठ्ठा-बांधणी असते. पाठ इतकी घट्ट की पुस्तक हातानं उघडं धरावं लागतं. पंख्याच्या वाऱ्यानं तिची वरची दहा-पंधरा पानं फडफडतात, बाकीचा गठ्ठा तसाच चिकटून राहतो. उलट पन्नास वर्षांपूर्वीच्या हलक्या कागदावरच्या पुस्तकाची पानं आधीच पिवळी आणि ठिसूळ झालेली असतात. वाऱ्याच्या झोताला त्यांचे कोपरे तुटून कपाटाच्या तळाशी पडतात. दिवाळी अंकांचं मुखपृष्ठ गुळगुळीत आणि जड, आतली पानं हलकी. खुंटीवर ते उभेच राहत नाहीत, वाकतात.

विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: पुस्तक ठेवतो त्या जागी दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट पडतात? बहुतेक वेळा उत्तर येतं ‘३६ वॅटच्या नळ्या आहेत’. ते वॅट म्हणजे नळी खाते ती वीज. पृष्ठभागावर पडणारी मात्रा वेगळी, आणि ती तीव्रता गुणिले सेकंद अशी मोजतात. जागेवर १ मिलिवॅट पडत असेल तर १० सेकंदांत १० मिलिज्यूल मिळतात, पण कोपऱ्यात, सावलीत किंवा धूळ बसलेल्या नळीखाली त्याचा दहावा हिस्सासुद्धा मिळेलच असं नाही. पडताळा घ्यायची सोपी युक्ती आहे. यूव्ही-सी पडली की रंग बदलणारी कार्डं मिळतात. त्यातलं एक मुखपृष्ठावर, एक मधल्या पानात आणि एक पाठीजवळच्या खाचेत ठेवून पेटी चालवायला सांगा. तिसऱ्या कार्डाचा रंग पाहिल्यावर बोलणं बहुधा तिथेच संपतं.

नळीचं आयुष्य साधारण ८ ते ९ हजार तास सांगतात, पण निळा उजेड दिसतो म्हणजे पुरेसे किरण येतात असं नाही. उजेड तसाच राहतो आणि मारक किरण हळूहळू घटत जातात. म्हणून नळी किती तास चालली याची नोंद ठेवावी लागते आणि दर आठवड्याला नळी थंड असताना अल्कोहोलच्या फडक्यानं पुसावी लागते. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या एकट्या लिपिकाकडून हे होईल का, याचा विचार खरेदीआधी करायचा.

सुरक्षिततेची बाजू आणखी गंभीर आहे. २५४ नॅनोमीटरला कातडी आणि डोळ्यांसाठी आठ तासांची आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूल आहे. उघड्या नळीसमोर ती काही सेकंदांत ओलांडली जाते. त्या वेळी काही जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू होते. त्यामुळे दार उघडताच नळी बंद करणारी कळ पेटीला हवीच, आणि ती कळ काडी खुपसून फसवता येईल इतकी साधी नको. ‘ओझोनसहित दुहेरी निर्जंतुकीकरण’ असं लिहिलेली पेटी तर ग्रंथालयानं दारातूनच परत पाठवावी. ओझोन कागदाला, शाईला आणि फुप्फुसाला, तिघांनाही वाईट. नुसती यूव्हीसुद्धा कागदाची मित्र नव्हे. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदाला ती पिवळा करते, मुखपृष्ठाचे रंग उडवते. एकदा फिरवल्यानं दिसणार नाही, पण मागणी असलेलं पुस्तक वर्षाला वीस-पंचवीस वेळा बाहेर जातं आणि तितक्याच वेळा पेटीत जाईल.

आता वेळेचं गणित. दिवसाला १५० पुस्तकं परत येतात असं धरा. चार-चारच्या फेऱ्या केल्या तर अडतीस फेऱ्या. ठेवणं, दार लावणं, एक मिनिट थांबणं, काढणं, असं मिळून एका फेरीला अडीच मिनिटं. म्हणजे रोज दीड तासाहून जास्त एक माणूस पेटीजवळ उभा, आणि वाचकाच्या हातून आलेलं पुस्तक या माणसाच्या हातात एरवीपेक्षा दोनदा जास्त. जोखीम कमी करायला आणलेलं यंत्र कर्मचाऱ्याची जोखीम वाढवतं.

हे सगळं टाळून तेच काम फुकट होतं. विषाणू माणसाच्या शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही, म्हणून पुस्तक नुसतं बाजूला ठेवायचं. किती दिवस, याची ग्रंथालयांसाठी सर्वांत नीट तपासणी अमेरिकेत झाली. ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था, तिथली संग्रहालये व ग्रंथालये यांची सरकारी संस्था आणि बॅटेल प्रयोगशाळा यांनी मिळून २०२० मध्ये ‘रिआल्म’ प्रकल्प चालवला. जूनमधल्या पहिल्या निकालात पुस्तकांची मुखपृष्ठं, आतली पानं, प्लॅस्टिकचं वेष्टन यांवर तीन दिवसांनंतर विषाणू सापडला नाही. पुढे हीच पुस्तकं एकमेकांवर रचून तपासली तेव्हा मात्र सहा दिवसांनंतरही तो सापडला. या दुसऱ्या निकालाकडे आपल्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. त्या काळात ‘७२ तास बाजूला’ असा फलक लावून पुस्तकांच्या चवडी पोत्यात किंवा खोक्यात भरून ठेवणं म्हणजे नियम पाळून त्यातला अर्थ घालवणं होतं. हवा लागली पाहिजे.

योग्य पद्धत अशी. साथीत वाचनकक्ष बंदच असतो, त्याची टेबलं रिकामी असतात. सहा बाय तीन फुटांच्या टेबलावर, पानं किंचित उघडी ठेवून उभी केलेली शंभरेक पुस्तकं मावतात. रोजची १५० परत येणारी पुस्तकं आणि चार दिवसांचा मुक्काम म्हणजे ६०० पुस्तकं, म्हणजे सहा टेबलं. टेबलावर तारखेचा कागद चिकटवायचा: ‘सोमवारी आलेली, शुक्रवारी कपाटात’. परत आणणाऱ्यानं पुस्तक स्वतः ठेवायचं. कर्मचाऱ्यानं ते हातात न घेता दाखल क्रमांक वाचून नोंद करायची. नोंद त्याच दिवशी व्हायला हवी, नाहीतर चार दिवसांचा दंड सभासदाच्या नावावर चढतो आणि वाद सुरू होतात. पण नोंद केली की संगणकावर पुस्तक ‘उपलब्ध’ दिसतं आणि दुसरा सभासद त्यासाठी फोन करतो. म्हणून ‘विश्रांतीत’ नावाचा एक खोटा सभासद तयार करून पुस्तक त्याच्या नावावर चार दिवस टाकायचं. जिथे अजून कार्ड-खिशाची पद्धत आहे तिथे कार्डं तारखेच्या वेगळ्या पेटीत ठेवली की तेच साधतं.

पुस्तकावर सॅनिटायझर फवारायचा नाही. अल्कोहोलनं शिक्के आणि शाई पसरते, वेष्टनाचा गोंद सुटतो. सोडियम हायपोक्लोराइट तर कागदाजवळही आणू नये. ते फरशी आणि दाराच्या लाकडी चौकटीसाठी: १ टक्क्याचं द्रावण, म्हणजे ५ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाणी चार भाग, रोज ताजं. लोखंडी कपाटांना त्यानं गंज चढतो. तिथे ७० टक्के अल्कोहोलचं फडकं. सगळ्या दालनात धूर सोडून ‘सॅनिटायझेशन’ करून देणाऱ्यांना बोलावू नका. बंद जागेत सरसकट जंतुनाशक फवारू नये असं जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२० मध्येच सांगितलं होतं, आणि ती ओल पानांत बसते ती वेगळीच.

पुस्तकाची भीती नवी नाही. १९०७ च्या इंग्लंडमधल्या कायद्यानं संसर्गजन्य आजार असलेल्या माणसाला सार्वजनिक ग्रंथालयाचं पुस्तक नेण्याची बंदी केली होती, आणि त्या काळात पुस्तकांना फॉर्मॅलिनची धुरी देत. करोनाच्या बाबतीत मात्र चित्र लवकर स्पष्ट झालं. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेनं सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी आहे. धोका होता तो बंद खोलीतल्या श्वासाचा.

म्हणून पेटीचे पैसे अभ्यासिकेत घाला. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे आठ-दहा तास बसतात, खिडक्या आवाजामुळे बंद, वर स्प्लिट एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच थंड करून फिरवतो. एका आजारी मुलाचा श्वास संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या वाट्याला येतो. इथे दोन वस्तू घ्यायच्या. पहिली, कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर. ‘एनडीआयआर’ सेन्सरचाच, म्हणजे अवरक्त किरणांनी थेट हाच वायू मोजणारा घ्या; स्वस्तात मिळणारे काही मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात आणि शेजारी सॅनिटायझरची बाटली उघडली तरी आकडा उसळतो. मीटर आधी गच्चीवर नेऊन पाहायचा. मोकळ्या हवेत साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दिसायला हवं. मग मुलं बसल्यावर दोन तासांनी अभ्यासिकेच्या मधोमध, तोंडापासून लांब ठेवून पाहायचा. ८०० च्या आत असेल तर ठीक, हजाराच्या वर गेला तर हवा पुरेशी बदलत नाही. हा आकडा दर्शनी फलकावर लिहा; मुलं स्वतःच खिडक्या उघडायला लागतात.

दुसरी वस्तू एक्झॉस्ट पंखा. खोली ३० बाय २० फूट आणि उंची १० फूट असेल तर आत ६,००० घनफूट हवा. तासाला पाच वेळा ती बदलायची म्हणजे ३०,००० घनफूट, मिनिटाला ५००. बारा इंची पंख्याच्या खोक्यावर बहुधा याहून मोठा आकडा असतो, पण प्रत्यक्षात झडपा आणि जाळीमुळे तो घटतो, म्हणून दोन बसवले तर निर्धास्त. पंखा एका भिंतीत आणि उघडी खिडकी समोरच्या भिंतीत असली पाहिजे. पंख्याशेजारचीच खिडकी उघडी राहिली तर तो तिथूनच हवा ओढून तिथेच फेकतो आणि खोलीचं दुसरं टोक कोंदटच राहतं. ही चूक सर्रास दिसते. एसी चालू असताना पंखा लावला तर बिल वाढणार, ते स्वीकारायचं.

पेटीमुळे न सुटणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि नुकसानीच्या हिशेबात ती विषाणूहून मोठी ठरली: बंद राहिलेल्या दालनातली बुरशी. राज्यातली ग्रंथालयं मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि १५ ऑक्टोबरला उघडायची परवानगी मिळाली. म्हणजे सबंध पावसाळा खिडक्या बंद. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की पाठीच्या कापडावर आणि गोंदावर पांढरी-हिरवी लव धरते. कोकणात आणि घाटमाथ्यावर हे होणारच. साथीच्या आराखड्यात पहिलं वाक्य हे हवं की ग्रंथालय वाचकांना बंद असलं तरी आठवड्यातून दोनदा एक माणूस येऊन दारं-खिडक्या उघडेल, पाऊस नसलेल्या दुपारी दोन तास पंखे चालवेल, भिंतीला टेकलेली कपाटं चार बोटं पुढे ओढेल आणि सर्वांत खालच्या फळीवर वाळवी आहे का ते बॅटरीच्या उजेडात पाहील. त्यासाठी पोलीस ठाण्याला किंवा तहसीलदारांना दाखवायचं पत्र आधीच तयार असावं, आणि चाव्या दोघांकडे. बुरशी धरलेलं पुस्तक पंख्याच्या यूव्ही कपाटात तर मुळीच घालू नये. किरणांनी वरची लव मरेल, पण वारा बीजं सगळ्या दालनात उडवेल. असं पुस्तक कागदात गुंडाळून वेगळं काढायचं, सावलीत वाळवायचं आणि मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशनं झटकायचं.

देवघेव चालू ठेवणं हे साथीतलं खरं काम, आणि त्यासाठी कागदावरची तयारी लागते. सभासदांच्या नोंदवहीत चालू मोबाइल क्रमांक आहेत का ते दर वर्षी वर्गणी घेताना तपासा. अनेक ठिकाणी नुसता जुना पत्ता असतो. कार्यकारी मंडळाचा ठराव आज करून ठेवा: साथ जाहीर झाल्यास दंड माफ, परतीची तारीख सरसकट पुढे, आणि ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचा अधिकार ग्रंथपालाला. बैठकच भरवता येत नाही त्या काळात असा ठराव नसल्यानं सगळं अडतं. अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि साथीत वर्गणीही थांबते, तेव्हा कर्मचाऱ्यांचे तीन महिन्यांचे पगार निघतील एवढी ठेव वेगळी असावी. पेटीच्या किमतीत त्यातला मोठा भाग निघतो.

पुस्तकं दारावर द्यायची तर सभासदाला नाव विचारत बसू नका. ‘दोन कादंबऱ्या, एक चरित्र, लेखक कुठलाही’ अशी मागणी फोनवर घेतली की लवकर आटोपतं आणि कपाटात पडून असलेली चांगली पुस्तकं बाहेर जातात. पिशवीवर सभासद क्रमांक, दाराबाहेर टेबल, वेळ ठरवून दिलेली. ज्येष्ठ सभासदांच्या सोसायट्यांसाठी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पद्धत उचलावी: शंभर पुस्तकांची एक पेटी एका गटाकडे ठेवायची, वाचन गटातच फिरायचं, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. साथीत याहून कमी स्पर्शाची आणि कमी खर्चाची सोय सापडणार नाही. या पेटीला वीज लागत नाही.

ई-पुस्तकांचा पर्याय पाश्चात्त्य ग्रंथालयांना लगेच मिळाला, कारण सभासद क्रमांकावर ई-पुस्तक उसनं देण्याची व्यवस्था तिथे आधीपासून होती. नव्या मराठी पुस्तकांसाठी आपल्याकडे तशी सोय नाही, आणि हे प्रकाशकांशी बोलून सोडवण्याजोगं काम अजून कुणी नेटानं हाती घेतलेलं दिसत नाही. जुन्या, हक्कमुक्त पुस्तकांसाठी विकिस्रोत आणि नॅशनल डिजिटल लायब्ररीचे दुवे सभासदांच्या व्हॉट्सॲप गटात देता येतात. पुस्तकाची पायरेटेड पीडीएफ मात्र ग्रंथालयाच्या गटातून एकदाही जाता कामा नये.

पुढची साथ श्वासातून पसरेल की स्पर्शातून, हे आज कुणाला ठाऊक नाही. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत पुस्तकं चार ते सहा दिवस मोकळी ठेवावीत आणि दर पंधरा दिवसांनी नव्या माहितीवरून नियम तपासावा. रिकामी टेबलं दोन्ही प्रकारांत उपयोगी पडतात.

पेटी आधीच घेतलेली असेल तर ती मोडीत काढायची घाई नको. अभ्यासिकेतले माउस, कुलपं, किल्ल्या आणि लहान मुलांची प्लॅस्टिकची कोडी यांच्यासाठी वापरा, एका थरात पसरून आणि मध्ये एकदा उलटून. संदर्भ विभागातलं जुनं पुस्तक तिच्यात घालू नका. नळीत पारा असतो. ती फुटली तर खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा, खिडक्या उघडून पंधरा मिनिटं थांबा, झाडू किंवा व्हॅक्यूम न वापरता पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करा, उरलेली पूड चिकटपट्टीनं उचला, आणि झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.